आडून बोलणं आणि हसू: लोककथेतला न बोललेला अर्थ कसा पकडायचा, कसा लिहायचा, कसा सांगायचा

आधी गोष्ट ऐका, मग बाकीचं बोलू.

एक सासू होती, एक सून होती. सासू पाण्याला गेलती, सून घरात एकटी. दारात भिक्षेकरी आला, मनला, माय, भाकर वाढ. सून मनली, काही नाही बाबा, पुढं हो. भिक्षेकरी निघाला. वाटंत सासू भेटली, डोक्यावर घागर. काय बाबा, वाढलं का काही? नाही माय, सुनबाई मनल्या पुढं हो. सासू तापली. "ती कोण नाही मननारी? घराची मालकीण मी हाय का ती? चल माघारी." भिक्षेकरी खुश झाला, सासूच्या मागं मागं आला. सासूनं घागर उतरवली, पदर सावरला, उंबऱ्यात उभी राहिली अन मनली, "आता मी सांगते. काही नाही, पुढं हो."

ही गोष्ट एकट्या मराठवाड्याची नाही, देशात लई ठिकाणी सांगतात, पण मी ती आजीकडून ऐकली, तूर निवडत बसलेली असताना, म्हणून माझ्या कानात ती आजीच्याच आवाजात आहे. लहानपणी नुसतं हसायचो. पुढं लोककथा गोळा करायला लागल्यावर एक दिवस ती लिहायला घेतली आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली की सासूच्या सगळ्या बोलण्यात "देते" हा शब्द कुठंच नाही. परत वाचा वाटलं तर. तिनं कबूल काहीच केलेलं नाही. तरी भिक्षेकऱ्याला वाटलं भाकर मिळणार, आणि आपल्यालाही तेच वाटलं. ती भाकर आपण आपल्या मनात थापली, आणि शेवटच्या ओळीनं ती आपल्याच हातातून गेली. हसू येतं ते त्या जागी.

लोककथेतलं निम्म्याहून जास्त हसू असं न बोललेल्या भागात असतं असं माझं मत आहे, आणि गोष्टी उतरवून घेताना सगळ्यात आधी तोच भाग मरतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. कोणाला लोकसाहित्याचा प्रकल्प करायचाय, कोणाला आजी-आजोबांच्या गोष्टी वाचवायच्यात, कोणी शाळेत शिकवतंय, कोणाला नुसतं चांगलं सांगता यावं असं वाटतंय, सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेतानं पायरी पायरीनं सांगतो.

पहिली पायरी: बोलणं जसंच्या तसं उतरवा, सारांश नको

मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. "गोष्ट सांगा" म्हणून समोर फोन धरला की माणूस शाळेतल्यासारखं बोलायला लागतं, तसं करू नका. हात कामात असताना गोष्ट चांगली निघते, शेंगा फोडताना, वाती वळताना. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात सगळं गोत जमतं, भज्जी-अंबील पोटात गेल्यावर कोपीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या खोपटाच्या, सावलीत म्हातारी माणसं अशी खुलतात की विचारू नका. तो दिवस मी कधी सोडत नाही.

मग घरी बसून शब्द न् शब्द उतरवा. "मनली" असेल तर "मनली" लिहा, "म्हणाली" करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संवादाचं निवेदन करू नका. "सासूने भिक्षेकऱ्याला परत बोलावले परंतु तिनेही त्याला भिक्षा नाकारली" हे वाक्य व्याकरणानं बरोबर आहे, माहिती पण पूर्ण आहे, आणि त्यात हसण्यासारखं काहीच उरलेलं नाही. माझ्या सुरुवातीच्या वह्यांमधे अशा पन्नासेक गोष्टी आहेत, सांगणारी माणसं आता राहिली नाहीत, ते संवाद आता कुठून आणणार. म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

उतरवताना छोट्या छोट्या शब्दांवर लक्ष ठेवा. आपल्याकडं "बरं", "व्हय", "की", "बगा", "कामून" हे शब्द अर्धी गोष्ट सांगतात. "व्हय" एका सुरात म्हणजे हो, दुसऱ्या सुरात म्हणजे खरंच का, आणि लांबवून म्हटलं "व्हऽऽय" तर त्याचा अर्थ मला माहितीय तू खोटं बोलायलास. कागदावर सूर येत नाही म्हणून कंसात लिहून ठेवा: लांबवलं, थांबली, आवाज खाली आणला. कुठल्या शब्दाला लोक हसले तिथं एक खूण करा. ही खूण पुढं लई कामाला येते, कारण हसू जिथं फुटलं त्याच्या लगेच आधी कुठंतरी न बोललेली गोष्ट आहे, आपल्याला ती शोधायचीय.

गप्प बसणं पण लिहा. हे कसं ते एका गोष्टीतून दाखवतो, मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर ती सगळीकडं सांगतात, आपल्याकडं पण. एकानं शेजाऱ्याचं मोठं पातेलं मागून नेलं, परत देताना त्यात एक छोटं पातेलं ठेवून दिलं. हे काय? मनला, तुमचं पातेलं आमच्या घरी व्यालं. शेजाऱ्यानं दोन्ही पातेली उचलली आणि घरात नेली. पुन्हा एकदा मागून नेलं, ते आलंच नाही. विचारायला गेला तर हा मनतो, काय सांगावं, तुमचं पातेलं मेलं. "आरं पातेलं कुठं मरतंय व्हय?" "व्यालं तवा काही मनला नाहीत." इथं शेजाऱ्याचं पहिल्या वेळचं गप्प बसणं हेच त्याचं बोलणं होतं. गप्प राहून त्यानं पातेलं जिवंत असतं हे मान्य करून टाकलं. उतरवणाऱ्यानं ती गप्प बसण्याची जागा लिहिलीच नाही तर शेवटचं वाक्य लंगडं पडतं.

दुसरी पायरी: कोण, कोणाचं, आणि कोणासमोर

गोष्टीतल्या माणसांचं नातं लिहा. सासू-सून, जावई-सासरे, पाव्हणा-घरधनी, राजा-उंदीर. नात्यामधे एक न सांगितलेला हक्क असतो आणि आडून बोलणं त्या हक्काच्या भोवती फिरतं. सासूच्या गोष्टीत भांडण भाकरीचं नाहीच, नाही म्हणण्याचा मान कोणाचा याचं आहे. हे कळल्याबरोबर "ती कोण नाही मननारी" या वाक्याचा खरा जोर "ती" वर आहे हे दिसतं. भिक्षेकऱ्यानं जोर "नाही" वर ऐकला. जोर चुकीच्या शब्दावर ऐकला एवढीच त्याची चूक, आणि आपलीपण.

दुसरं, गोष्ट सांगताना कोण कोण बसलं होतं ते लिहा. हे पुस्तकात फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं पण माझ्या मते अर्धं काम इथंच आहे. आपल्याकडं "लेकी बोले सुने लागे" ही म्हणच आहे, म्हणजे बोलायचं एकीला आणि लागायचं दुसरीला. गोष्ट सांगणं हा पण तसलाच प्रकार असू शकतो. एका गावात एका म्हाताऱ्या बाईनी मला हीच सासू-सुनेची गोष्ट सांगितली, त्यांची सून चुलीपाशी भाकरी करत होती. गोष्ट संपली, सगळे हसले, सून पण तोंडाला पदर लावून हसली, आणि मग तव्यावरची भाकर उलटता उलटता मनली, "पण भाकर कोणाच्या हातात हाय बगा." सासूबाई सगळ्यात जास्त हसल्या. गोष्ट संपल्यावर गोष्टीच्या बाहेर अजून एक संवाद झाला आणि तो रेकॉर्डिंग बंद केल्यावर झाला, मी नंतर आठवून लिहिला. तेव्हापासून गोष्ट संपली तरी पाच-दहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवतो, त्यांना सांगून.

तिसरी पायरी: तीन रकाने पाडा

वहीचं पान आडवं धरा आणि तीन रकाने करा. पहिल्यात जे शब्द बोलले ते. दुसऱ्यात ऐकणाऱ्यानं काय समजून घेतलं. तिसऱ्यात बोलणाऱ्याच्या मनात खरं काय होतं. प्रत्येक वाक्य तिन्ही रकान्यांत लिहा, कंटाळा आला तरी.

सासूच्या वाक्याचं असं होईल: बोललेलं, "ती कोण नाही मननारी?" समजलेलं, ही आपल्याला वाढणार. मनातलं, नाही म्हणायचं ते मी म्हणणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात फरक पडला की तिथं पेन्सिलीनं गोल करा. काही गोष्टींत असा एकच गोल निघतो, अगदी शेवटाला. काहींत प्रत्येक ओळीला निघतो.

प्रत्येक ओळीला निघणारी गोष्ट म्हणजे चिऊ-काऊची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस आला, काऊचं वाहून गेलं, काऊ दारात येऊन म्हणतो चिऊताई चिऊताई दार उघड. ती म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. मग थांब, बाळाला तीट लावते. मग काजळ घालते. मग झोपवते. तीन रकाने पाडून बघा म्हणजे कळेल, चिऊ एकदाही "उघडणार नाही" म्हणत नाही. तिचं प्रत्येक उत्तर खरंच आहे, बाळ आहेच, तीट लावायचीच आहे. काऊच्या रकान्यात प्रत्येक वेळी "आता उघडेल" आणि चिऊच्या रकान्यात प्रत्येक वेळी "नाही". आणि कामं बघा कशी बारीक बारीक होत जातात, अंघोळीला वेळ लागतो हे ठीक पण तीट लावायला किती लागतो, आणि काम जेवढं बारीक तेवढा नकार मोठा. तीन-चार वर्षांचं लेकरू तिसऱ्या वेळेला हे ओळखतं, पुढची सबब स्वतःच सांगायला लागतं. आडून दिलेला नकार ओळखायचं शिक्षण आपल्याला इतक्या लहानपणी या गोष्टीनं दिलेलं असतं.

चौथी पायरी: कुठला नेम मोडला ते ओळखा

आता थोडं शास्त्र, पण घाबरू नका. पॉल ग्राइस म्हणून एक इंग्रज तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात भाषणं दिली आणि त्यातला मुख्य भाग १९७५ साली छापून आला. त्यांचं म्हणणं असं की दोन माणसं बोलायला लागली की एक न लिहिलेला करार असतो, आपण एकमेकाला साथ देऊन बोलतोय असा. त्या करारात चार नेम येतात. लागेल तेवढंच सांगायचं, कमी नाही जास्त नाही. खरं वाटतं तेच सांगायचं. मुद्द्याला धरून बोलायचं. आणि सरळ, स्पष्ट, क्रमानं बोलायचं. आता गंमत अशी की एखाद्यानं उघड उघड नेम मोडला तर आपण त्याला येडा समजत नाही, आपण समजतो की ह्याला काहीतरी वेगळं सुचवायचंय, आणि ते आपण शोधून काढतो. शोधून काढलेल्या अर्थाला सूचितार्थ म्हणू.

आपल्या पंगतीतलं उदाहरण घ्या. लग्नाहून आलेल्याला विचारलं जेवण कसं होतं, तो मनला, "पाणी लई गार होतं." मुद्दा सोडून बोलला, म्हणून कळलं की वरणात काही राम नव्हता. किंवा स्थळाची चौकशी चालूय, पोरगा कसाय? "त्याची माय लई चांगली हाय." विचारलं तेवढं सांगितलं नाही, झालं, स्थळ तिथंच मोडलं, आणि कोणाबद्दल वाईट शब्द काढला म्हणावं तर काढला नाही. मराठवाड्यात अशी वाक्यं रोज ऐकू येतात, "च्या पिऊनच आला आसताल" हे वाक्य कोणी दारात म्हटलं तर चहा मिळणार नाही एवढं नक्की समजावं.

तर गोल केलेल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा कुठला नेम मोडला. चिऊ मुद्दा सोडून बोलते, दाराबद्दल विचारलं तर बाळाबद्दल सांगते. सासू कमी सांगते, वाढणार का नाही हे सांगतच नाही. पातेल्यावाला धडधडीत अशक्य ते सांगतो, पण समोरच्याच्या लोभाला ते पटेल अशा बेतानं. काही ओळी एका खान्यात बसणार नाहीत, दोन लिहा, ओढूनताणून बसवू नका.

टोपीवाल्या उंदराची गोष्ट अशीच खान्यात न बसणारी आहे आणि मला ती सगळ्यात हुशार वाटते. राजानं उंदराची टोपी घेतली तर उंदीर ढोल वाजवत फिरतो, राजा भिकारी, माझी टोपी घेतली. राजानं वैतागून परत दिली तर लगेच, राजा मला भ्याला, माझी टोपी दिली. घडलेली गोष्ट खरीच आहे, टोपी घेतली, टोपी दिली. उंदरानं फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि "म्हणून" हा शब्द ऐकणाऱ्याला जोडायला सोडला. भिकारी आहे म्हणून घेतली, भ्याला म्हणून दिली. राजा काहीही करो, त्याचा अर्थ लावायचा हक्क उंदराकडं गेलाय. सत्ता एकीकडं आणि अर्थ लावणारा दुसरीकडं, म्हणून लेकरं तर हसतातच, मोठी माणसं पण मान हलवतात.

करून दाखवणं पण याच पायरीत बघा. बिरबलाची खिचडी सगळ्यांना माहितीय. रात्रभर थंड पाण्यात उभ्या राहिलेल्या गरिबाला लांबच्या दिव्याची ऊब मिळाली म्हणून बक्षीस नाकारलं, तर बिरबलानं हंडी उंच टांगून खाली जाळ केला. वादावर तो एक शब्द बोलत नाही, खिचडी शिजतेय एवढंच सांगतो. निष्कर्ष बादशहाला स्वतःच्या तोंडानं काढावा लागतो. मोठ्या माणसाला तोंडावर चूक दाखवता येत नाही तिथं लोककथा हा मार्ग धरते.

मधेच एक सांगायचं राहील म्हणून आत्ताच सांगतो. हे सगळं शिकायला विलायतेलाच जायची गरज नव्हती. आपल्याकडं अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घेतलेला जवळचा अर्थ), व्यंजना असे शब्दाच्या अर्थाचे तीन थर फार जुन्या काळापासून सांगितलेत, आणि व्यंजना म्हणजे हाच सुचवलेला अर्थ. नवव्या शतकात काश्मीरमधे आनंदवर्धनांनी ध्वनीचा, म्हणजे काव्यात सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडला तेव्हा सुरुवातीलाच जे उदाहरण घेतलं ते गोदावरीच्या काठचं आहे! सातवाहन राजा हाल याच्या नावाशी जोडलेल्या गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहातली ती गाथा, महाराष्ट्री प्राकृतातली, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते, महाराज आता बिनघोर हिंडा, ते कुत्रं मेलं, गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं त्याला आज मारलं. बोललेलं काय, हिंडा. सुचवलेलं काय, चुकून पाऊल टाकू नका. कारण ती झाडी तिची चोरून भेटायची जागा आहे आणि हा बाबा तिथं कडमडतोय. कुत्र्याला भिणाऱ्याला सिंहाची खुशखबर द्यायची, केवढी हिंमत बघा त्या बाईची. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती आमच्याच गावातली कोणी बोलतेय असं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

पाचवी पायरी: कोणाला कळलं, कोणाला नाही

हसू कोणाच्या बाजूनं आहे ते इथं ठरतं. तीन प्रकार मला सारखे सापडतात.

एक, गोष्टीतल्या माणसाला कळत नाही पण ऐकणाऱ्याला कळतं. चिऊ-काऊ, आणि गोदाकाठची गाथा.

दोन, दोघांनाही कळत नाही शेवटपर्यंत. सासू-सून. म्हणून तिचं हसू जोरात असतं, आपणपण फसलेलो असतो.

तीन, सगळ्यांना कळतं पण एकाला शब्दाच्या पुढं जाताच येत नाही. येड्या जावयाच्या सगळ्या गोष्टी या. माय सांगते, सासरी हलकं बोलू नको, जड जड बोल. तो सासऱ्यासमोर बसतो आणि मनतो, जातं, उखळ, वरवंटा. उंच जागी बस म्हटलं तर माळवदावर जाऊन बसतो. अशी सांगितलेलं शब्दशः पाळणाऱ्या येड्याची गोष्ट जगभर आहे, लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पण अशा येड्यांच्या गोष्टी आहेत. इथं लक्षात घ्या की आपण रोज किती गोष्टी न सांगता समजून घेतो ते हा जावई दाखवतो. पण खरं सांगू का, सलग चार-पाच जावई ऐकले की कंटाळा येतो, त्यात डाव कोणी टाकत नाही. मला त्यापेक्षा खालची गोष्ट जास्त आवडते, तिच्यात सगळ्यांना सगळं कळतं.

एका घरी पाव्हणा आला, मुक्कामच ठोकला. नवरा-बायकोनं ठरवलं, आपुन भांडायचं सोंग करू. नवऱ्यानं काठी घेतली, भिताडाला हाणली, बायको वरडून वरडून रडली. पाव्हणा घाबरला, पिशवी उचलली अन बाहेर पडला. ही दोघं हसायला लागली. नवरा मनला, "कसं मारलं, पण लागलं का तुला?" बायको मनली, "अन मी कशी रडले, पण खरंच रडले का?" तर माच्याखालून आवाज आला, "अन मी कसा गेलो, पण खरंच गेलो व्हय?"

या एका वाक्यात पाव्हण्यानं किती सांगितलं ते तिसऱ्या रकान्यात लिहून बघा. मी सगळं ऐकलं. तुमचं सोंग मला कळलं. मला राग आलेला नाही. आणि मी हाय, भाकरी टाका. यातलं एक पण त्यानं बोललेलं नाही. ते येतं कशातून, तर वाक्याच्या साच्यातून, नवऱ्यानं जो साचा वापरला, बायकोनं वापरला, तोच त्यानं उचलला, म्हणजे तो त्यांच्या सोंगात तिसरा भागीदार म्हणून सामील झाला. आता घरधनी त्याला काय म्हणणार? सोंग केलं म्हणून बोलावं तर सोंग आधी यांचंच. म्हणून उतरवताना तिन्ही वाक्यांची बांधणी एकसारखी राहिली पाहिजे. एकाची जरी बदलली, "पाहुणा म्हणाला मी इथेच आहे" असं केलं, तर उरतो एक चिवट पाहुणा, बास.

सहावी पायरी: कसोटी लावा

आपल्याला सापडलेला अर्थ खरंच सुचवलेला आहे का आपण मनानं घुसडलाय, हे तपासायला दोन सोप्या कसोट्या आहेत.

पहिली, खोडून बघा. सुचवलेला अर्थ मागं घेता येतो, बोललेला अर्थ मागं घेता येत नाही. सासूच्या वाक्याला शेपूट जोडा: "ती कोण नाही मननारी? देणार तर मी बी नाही, पण नाही मनायचा हक्क माझा हाय." चाललं की नाही? ऐकायला विचित्र वाटेल पण विसंगत नाही. आता "चल, देते तुला, पण देणार नाही" असं करून बघा. हे चालत नाही, हे सरळ खोटं. म्हणजे सासू खोटं बोललेली नाही, आणि हे हसण्यासाठी फार गरजेचं आहे. ती खोटं बोलली असती तर आपल्याला तिचा राग आला असता आणि भिक्षेकऱ्याची कीव. खोटं न बोलता फसवलं, म्हणून हसू. लोककथेत ही रेघ किती बारीक ओढलेली असते, ज्यांनी कधी पाटी-पेन्सिल धरली नाही त्या बायांनी ओढलेली.

दुसरी कसोटी, शब्द बदलून बघा. तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगा, हिंदीत सांगा, शेजारच्या तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्याला सांगायला लावा, नांदेड-लातूरच्या सीमेवर अशी माणसं भरपूर. गोष्ट तरीही हसवते का? सासू-सून हसवते, पाव्हणा हसवतो. जिथं "जड" या शब्दाला वजनाचा आणि मोलाचा असे दोन्ही अर्थ नाहीत त्या भाषेत जावई मात्र पडतो. शब्द बदलल्यावर मेलं तर तो श्लेष, शब्दावरचा खेळ. जगलं तर सूचितार्थ. दोन्ही चांगले पण वहीत वेगळे ठेवा, नाहीतर पुढं सगळा गोंधळ.

इथंच एक अवघड गोष्ट पण तपासा. काही गोष्टींत आडून सुचवलेला अर्थ एखाद्या जातीचा, बाईचा, आंधळ्या-बहिऱ्याचा अपमान असतो. उघड शब्दात नसतो म्हणून आपण पटकन हसून जातो. संग्रहात अशी गोष्ट आहे तशी ठेवा, पुसू नका, पण तिसऱ्या रकान्यात काय सुचवलंय ते स्पष्ट लिहा, आणि लेकरांना सांगायची का नाही याचा विचार करून मग ठरवा. मी सांगत नाही.

सातवी पायरी: आता तुम्ही सांगा

सगळं समजलं म्हणून सांगता येतं असं नाही. सांगताना तीन रकान्यांपैकी फक्त पहिला तोंडातून बाहेर पडला पाहिजे. "सासूला खरं तर आपला मान दाखवायचा होता" हे वाक्य शेवटी जोडायचा मोह होतो, विशेषतः शिक्षकांना, नका जोडू. आणि आधीपण जोडू नका. "आता बघा सासू कशी फसवते" म्हणून सुरुवात केली की ऐकणारा भाकर थापतच नाही, मग काढून काय घेणार.

शेवटच्या ओळीआधी थांबायचं असतं, पण रिकामं थांबू नका, काम द्या. आजी थांबायची नाही, ती सासूची घागर उतरवायची, पदर सावरायची, उंबऱ्यात उभी करायची. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याच्या मनात भाकरीवर चटणी पण आलेली असते. ही तीन छोटी कामं गाळली तर गोष्ट लवकर संपते आणि हसू अर्ध्यावर येतं, मी दोन्ही तऱ्हेनं सांगून बघितलंय.

शेवटची ओळ सुनेच्याच शब्दांत यायला पाहिजे. सून "काही नाही बाबा, पुढं हो" म्हणाली तर सासूनं "जा बाबा, आज जमणार नाही" म्हणून चालत नाही. एक "बाबा" गाळला तर चालतो, आजी मुद्दाम गाळायची, सासू सुनेपेक्षा कडक पाहिजे ना.

लिहून सांगायचं असेल तर अवतरण चिन्हं कमी, बोली जास्त, आणि उद्गारचिन्ह तर शेवटच्या ओळीला अजिबात नको. उद्गारचिन्ह म्हणजे हसा म्हणून कोपर मारणं.

सांगून झाल्यावर गप्प बसा. एखादं लेकरू उशिरा हसतं, त्याला उशिरा हसू द्या, काय कळलं म्हणून विचारू नका. दुसऱ्या दिवशी त्यालाच गोष्ट सांगायला लावा, तिथं कळतं. एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीतल्या पोरानं मला हीच गोष्ट परत सांगितली, सगळी बरोबर, घागर, पदर, उंबरा, काही गाळलं नाही. सासू मनली, काही नाही, पुढं हो. मी समजलो संपली. तो एक क्षण थांबला आणि मग भिक्षेकऱ्याच्या आवाजात, हात जोडून, मनला, "बरं माय. आता पक्कं झालं." सगळा वर्ग लोळला. ते माझ्या आजीच्या गोष्टीत नव्हतं, मी सांगितलेल्या गोष्टीतपण नव्हतं. मी ते तसंच्या तसं वहीत उतरवलं, गाव आणि तारीख घातली, आणि तिसरा रकाना अजून कोरा ठेवलाय.